पोहण्याचा पोशाख आणि पोहणाऱ्याचे श्रेय : ट्रायथलॉनमधील वेटसूटच्या प्रश्नाचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे या तीन प्रकारांची सलग शर्यत म्हणजे ट्रायथलॉन होय. या शर्यतीच्या पोहण्याच्या टप्प्यात निओप्रीनचा पोशाख, म्हणजे वेटसूट, घालावा की घालू नये, हा प्रश्न आज महाराष्ट्रातील अनेक हौशी स्पर्धकांपुढे उभा राहतो. वरवर पाहता हा प्रश्न खरेदीचा किंवा सोयीचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी पोहणाऱ्याचे श्रेय, त्याची सुरक्षितता आणि स्पर्धेतील समानता असे तीन प्रश्न आहेत. सदर लेखात १८७५ पासूनच्या घटनांच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेऊन काही निष्कर्ष मांडले आहेत.

प्रस्तावना

आमच्या महाविद्यालयाचा एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झाला आहे. तेथे त्याला ट्रायथलॉनची गोडी लागली. युरोपातील एका थंड सरोवरात होणाऱ्या शर्यतीसाठी त्याने नाव नोंदविले आणि त्यानंतर एके दिवशी प्रस्तुत लेखकास दूरध्वनी करून विचारले, "सर, सूट घालून पोहलो तर ते माझं पोहणं धरायचं का?" त्याला पोहायला शिकविणाऱ्या त्याच्या काकांचे म्हणणे असे होते, की अंगावर तरंगणारे काही बांधून जो पोहतो तो अजून शिकतोच आहे. याउलट त्याच्या सोबतचे स्पर्धक सांगत होते, की सूट न घेता जाणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

हा प्रश्न क्रीडाशिक्षकाला विचारावयाचा की इतिहासाच्या अध्यापकाला, असे प्रथम वाटले. मात्र विचार करता लक्षात आले, की 'धरायचे का' हा प्रश्न शरीरशास्त्राचा नसून परंपरेचा आहे. कोणती कृती कोणत्या नावाने मोजावयाची, हे समाज आणि संस्था कालौघात ठरवीत असतात. म्हणूनच त्याचे उत्तर इतिहासात शोधणे उचित ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) पोहण्यातील साहाय्यक पोशाखाविषयीच्या वादाचा उगम शोधणे.
२) इंग्लिश खाडीची परंपरा आणि ट्रायथलॉनची परंपरा यांतील भेद स्पष्ट करणे.
३) महाराष्ट्र व गोव्याच्या हवामानात या प्रश्नाचे स्वरूप तपासणे.

स्थानिक पार्श्वभूमी : विहीर आणि डबा

मलकापूर हे नळगंगा नदीकाठी वसलेले, भुसावळ-नागपूर लोहमार्गावरील गाव आहे. या परिसरात उन्हाळ्याचे तापमान सहज चाळीस अंशांच्या पुढे जाते. येथील मागील पिढ्या तलावात किंवा तरणतलावात पोहायला शिकल्या नाहीत. त्या शिकल्या मळ्यातील विहिरीत. नवशिक्याच्या पाठीला वाळलेला भोपळा किंवा झाकण घट्ट बसविलेला पत्र्याचा रिकामा डबा बांधावयाचा, कमरेला दोर लावावयाचा आणि त्याला विहिरीत सोडावयाचे, ही शिकविण्याची रीत होती. पुढे डब्याची जागा गाडीच्या चाकातील हवा भरलेल्या ट्यूबने घेतली.

या रीतीत एक अलिखित नियम होता. जोवर पाठीला डबा आहे तोवर त्या मुलाला कोणी पोहणारा म्हणत नसे. ज्या दिवशी डबा सुटे, त्या दिवशी तो पोहणारा ठरे. विद्यार्थ्याच्या काकांचे मत या नियमातूनच आले होते, हे उघड आहे. विशेष म्हणजे ज्या नियमावर जगातील सर्वांत प्रसिद्ध खाडीपोहण्याची परंपरा उभी आहे, तो नियम मूलतः हाच आहे.

१८७५ : दोन पोहणारे, दोन निकाल

पोशाखाच्या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण १८७५ या एकाच वर्षात सापडते. त्या वर्षी पॉल बॉयटन या अमेरिकेतील साहसी गृहस्थाने इंग्लंड व फ्रान्स यांमधील खाडी पार करण्याचा चंग बांधला. त्याच्या अंगात क्लार्क मेरिमन याने तयार केलेला रबराचा जीवरक्षक पोशाख होता. या पोशाखात हवेचे कप्पे असत व ते नळ्यांनी फुगविता येत. बॉयटन उताणा पडून, पाय पुढे करून, हातातील वल्ह्याने पाणी मारीत पुढे सरके. एप्रिलमधील पहिला प्रयत्न फसला, परंतु मे महिन्याच्या अखेरीस त्याने फ्रान्सच्या किनाऱ्यावरून निघून सुमारे चोवीस तासांत इंग्लंडचा किनारा गाठला.

त्यानंतर तीन महिन्यांनी, २४ व २५ ऑगस्ट १८७५ रोजी, कॅप्टन मॅथ्यू वेब या इंग्रज खलाशाने डोव्हरहून निघून २१ तास ४५ मिनिटांत कॅले गाठले. वेबच्या अंगावर साधा पोशाख आणि शिंशुमाराची चरबी याखेरीज काही नव्हते. त्याने छातीवरचे पोहणे, म्हणजे बेडूकपोहणे, वापरले.

आज इंग्लिश खाडी पोहून जाणारा पहिला मनुष्य म्हणून जग वेबलाच ओळखते. बॉयटनने खाडी आधी ओलांडली, तरी त्याचे नाव पोहण्याच्या इतिहासात न येता जीवरक्षक साधनांच्या इतिहासात येते. बॉयटनचे धाडस कमी प्रतीचे होते असा याचा अर्थ नाही. समाजाने त्या दोन कृतींना दोन वेगळी नावे दिली, एवढेच यातून सिद्ध होते. वेबने चरबी लावली होती, पण तिने तो तरंगत नव्हता. बॉयटनला मात्र त्याचा पोशाखच तरंगवीत होता. ही सीमारेषा पुढे नियम बनली.

खाडीचा नियम आणि भारतीय जलतरणपटू

६ ऑगस्ट १९२६ रोजी गर्ट्रूड एडर्ली या अमेरिकन तरुणीने सुमारे साडेचौदा तासांत खाडी पार केली. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री होय. तिचा वेळ तोवरच्या सर्व पुरुषांच्या वेळेपेक्षा कमी होता. तिच्यानंतर खाडी पोहल्याचे दावे वाढले व ते तपासण्याची निकड निर्माण झाली. त्यातून १९२७ मध्ये चॅनल स्विमिंग असोसिएशन स्थापन झाली. या परंपरेचा नियम थोडक्यात असा आहे : एक साधा पोहण्याचा पोशाख, एक टोपी, डोळ्यांवर चष्मा आणि अंगाला चरबी चालेल, परंतु ऊब देणारे किंवा तरंगण्यास मदत करणारे कोणतेही वस्त्र चालणार नाही. सोबतच्या नावेला हात लावणेही निषिद्ध आहे.

भारतीयांनी आपली नावे याच नियमाखाली कोरली. २७ सप्टेंबर १९५८ रोजी मिहीर सेन यांनी १४ तास ४५ मिनिटांत खाडी पार केली. २९ सप्टेंबर १९५९ रोजी आरती साहा यांनी हा पराक्रम केला व त्या असे करणाऱ्या पहिल्या आशियाई स्त्री ठरल्या. मुंबईचे तारानाथ शेणॉय यांनी ऐकू न येणे आणि दृष्टीची मर्यादा यांवर मात करून १९८३ मध्ये खाडी पार केली. १९९४ मध्ये मुंबईच्या रूपाली रेपाळे हिने अगदी लहान वयात हे यश मिळविले. पुण्याचे रोहन मोरे यांनी २०१४ मध्ये इंग्लिश खाडीपासून आरंभ करून फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यूझीलंडची कूक सामुद्रधुनी पार केली आणि 'ओशन्स सेव्हन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सात सामुद्रधुनींचा क्रम पूर्ण करणारे ते पहिले आशियाई ठरले. मुंबईच्या प्रभात कोळी यांनीही मार्च २०२३ मध्ये हा क्रम पूर्ण केला.

या सात सामुद्रधुनींपैकी आयर्लंड व स्कॉटलंड यांमधील नॉर्थ चॅनलचे पाणी उन्हाळ्यातही साधारणतः १२ ते १४ अंश सेल्सिअस असते. उष्ण कटिबंधात वाढलेल्या देहाने अशा पाण्यात तासन्‌तास वेटसूटविना राहणे म्हणजे काय, याची कल्पना आपल्या भागातील वाचकास सहज येणार नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून खाडीच्या परंपरेत थंडी ही अडचण नसून परीक्षेचा विषय आहे. थंडी वगळली तर परीक्षाच उरत नाही. काकांचे मत या परंपरेत तंतोतंत बसते.

वेटसूटचा उगम

दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुड्यांना थंड पाण्यात काम करता यावे म्हणून नवीन पोशाखाचा शोध सुरू झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५१-५२ च्या सुमारास निओप्रीन या कृत्रिम रबराच्या फेसाचा पोशाख तयार केला. तोवरची समजूत अशी होती, की ऊब राखावयाची तर अंग कोरडे राहिलेच पाहिजे. ब्रॅडनर यांनी ही समजूत मोडीत काढली. पोशाखाच्या जाडीत वायूचे असंख्य बंदिस्त बुडबुडे असतील, तर अंग भिजले तरी उष्णता बाहेर जात नाही, असे त्यांनी दाखविले. कपडा आणि कातडी यांमध्ये शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेने तापतो. 'वेटसूट' हे नाव त्यावरूनच रूढ झाले. याच दशकात सॅन फ्रान्सिस्को येथील जॅक ओ'नील यांनी लाटांवर फळीने स्वार होणाऱ्यांसाठी असे पोशाख विकण्यास सुरुवात केली व ते लोकप्रिय केले.

येथे एक महत्त्वाची बाब नोंदविली पाहिजे. जे बुडबुडे ऊब राखतात तेच शरीराला वर उचलतात. निओप्रीनच्या बाबतीत ऊब आणि तरंगण्याची शक्ती यांना वेगळे करता येत नाही. चरबीने वेबला थोडे संरक्षण दिले पण उचलले नाही. वेटसूट मात्र दोन्ही कामे एकदम करतो. वादाचे मूळ या एका गुणधर्मात आहे. थंडीपासून रक्षण म्हणून परवानगी द्यावी, तर वेगाचा लाभही द्यावा लागतो. वेगाचा लाभ नाकारावा, तर रक्षणही काढून घ्यावे लागते.

ट्रायथलॉनचा जन्म आणि पोशाखाचा प्रवेश

आधुनिक ट्रायथलॉनची पहिली शर्यत २५ सप्टेंबर १९७४ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथील मिशन बे येथे झाली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटांत अमेरिकन नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स यांच्या कल्पनेतून पहिली 'आयर्नमन' शर्यत झाली. तिच्यात १५ जणांनी भाग घेतला व १२ जणांनी ती पूर्ण केली. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.१९५ किलोमीटर धावणे, असे आज या शर्यतीचे अंतर आहे.

हवाईचे पाणी उबदार असल्यामुळे तेथे पोशाखाचा प्रश्न उद्भवला नाही. परंतु शर्यती उत्तर अमेरिका व युरोप येथील थंड सरोवरांत पसरल्या, तेव्हा स्पर्धक पाण्यातून गारठून बाहेर येऊ लागले. बधिर झालेल्या बोटांनी सायकलचा ब्रेक दाबता येत नाही. खाडी पोहणाऱ्याचे काम किनाऱ्याला पाय लागताच संपते, तर ट्रायथलॉनपटूचे तेथून सुरू होते. दोन परंपरांतील हा मूलभूत भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. लाटांवर खेळणाऱ्यांचे पोशाख खांद्याला ताठर असल्याने पोहताना हात थकत. १९८७ मध्ये डॅन एम्पफील्ड यांनी क्विंटाना रू या नावाने खास ट्रायथलॉनसाठी वेटसूट तयार केला. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत होता आणि त्याची रचना हात फिरविण्यास सोयीची होती. असा पोशाख घातला असता पाय वर राहतात, पाण्याचा अवरोध कमी होतो आणि वेग वाढतो. ज्याचे पोहणे कच्चे आहे व ज्याचे पाय खाली जातात, त्याला हा लाभ अधिक होतो. निष्णात पोहणाऱ्याला तो तुलनेने कमी होतो.

तापमानाची रेषा

१९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय ट्रायथलॉन संघटना स्थापन झाली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथमच समावेश झाला. संघटनेने पोशाखाचा प्रश्न पाण्याच्या तापमानाशी जोडून सोडविला. १५०० मीटर किंवा त्याहून कमी पोहण्याच्या शर्यतीत पाणी २० अंश किंवा अधिक असल्यास अव्वल स्पर्धकांना, आणि २२ अंश किंवा अधिक असल्यास वयोगटातील हौशी स्पर्धकांना, वेटसूट घालता येत नाही. उलट पाणी फारच थंड असल्यास तो सक्तीचा होतो. पोशाखाची जाडी ५ मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. आयर्नमन शर्यतींत हौशी स्पर्धकांसाठी ही मर्यादा २४.५ अंश आहे. त्यापुढे २८.८ अंशांपर्यंत सूट घालता येतो, पण तो घालणाऱ्यास वयोगटाच्या बक्षिसावर हक्क सांगता येत नाही. त्याहून गरम पाण्यात सूट पूर्णतः वर्ज्य आहे.

या मधल्या पट्ट्याचा नियम विचार करण्याजोगा आहे. पोहण्याची परवानगी द्यावयाची, पण श्रेय रोखून धरावयाचे, हा तोच १८७५ चा न्याय आहे. बॉयटनला खाडीतून कोणी हाकलले नाही. फक्त त्याला वेबच्या यादीत घेतले गेले नाही.

तरणतलावातील स्पर्धांतही हा वाद झाला. २००८-०९ मध्ये पॉलियुरेथेनयुक्त पोशाखांमुळे जागतिक विक्रमांचा पूर आला. २००९ च्या रोम येथील जागतिक स्पर्धेत ४३ विक्रम मोडले गेले. त्यानंतर १ जानेवारी २०१० पासून असे पोशाख बंद झाले. तेथे थंडीचे कारण नव्हते, केवळ वेगाचा लाभ होता. म्हणून निर्णय सोपा गेला.

महाराष्ट्र व गोव्यातील वास्तव

२० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यातील मिरामार किनाऱ्यावर भारतातील पहिली आयर्नमन ७०.३ शर्यत झाली. तिच्यात १.९ किलोमीटर समुद्रात पोहावे लागते. कोकण-गोव्याच्या समुद्राचे पाणी त्या दिवसांत इतके उबदार असते, की वेटसूटचा विचार करण्याचे कारणच उरत नाही. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील किंवा मुंबईच्या गेटवे परिसरातील सागरी पोहण्यासही हेच लागू पडते.

उलट आपल्याकडे खरा धोका उष्णतेचा आहे. २३ ऑक्टोबर २०१० रोजी संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा येथे उबदार समुद्रात १० किलोमीटरच्या शर्यतीदरम्यान फ्रॅन क्रिपेन या अमेरिकन जलतरणपटूचा मृत्यू झाला. या घटनेनंतर खुल्या पाण्यातील शर्यतींच्या कमाल तापमानाकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले व ३१ अंशांची मर्यादा घालण्यात आली. श्रम करणारे शरीर उष्णता निर्माण करीत असते व ती बाहेर जाण्यास वाट हवी असते. निओप्रीन ती वाट बंद करते.

यातून आपल्या भागातील स्पर्धकापुढे एक पेच निर्माण होतो. सूट घालून पोहण्याचा सराव न करता शर्यतीच्या दिवशी प्रथमच तो अंगात चढविणे धोक्याचे असते. छाती आवळल्यासारखी वाटते, मानेला घासते, थंड पाण्याचा पहिला धक्का बसताच श्वास तुटतो. परंतु विदर्भ-खानदेशातील पाण्यात वर्षाचे बहुतेक महिने सूट घालून दीर्घ सराव करणे हेही अयोग्यच. शिवाय सूटची किंमत सामान्य कुटुंबातील तरुणास सहज पेलणारी नाही. ज्या साधनाचा लाभ कच्च्या पोहणाऱ्यास अधिक होतो, ते साधन पैसेवाल्यासच सहज मिळावे, हा समानतेचा प्रश्न दुर्लक्षून चालणार नाही. या खेळाचे आकर्षण महाराष्ट्रात वाढत आहे. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये झुरिकची आयर्नमन शर्यत पूर्ण केल्यानंतर तर ते शहरी मध्यमवर्गात घरोघरी पोहोचले. तथापि गावाकडून येणाऱ्या स्पर्धकाचा विचार या चर्चेत क्वचितच होतो.

विवेचन

वरील घटनांवरून असे दिसते, की 'सूट घालणे खरे की खोटे' हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. खाडीच्या परंपरेत माणूस आणि थंड पाणी यांचा सामना मोजला जातो, म्हणून तेथे सूट घालणे म्हणजे परीक्षेचा मुख्य प्रश्न गाळणे होय. ट्रायथलॉनमध्ये तीन प्रकारांची सलग क्षमता मोजली जाते व पोहणे हा तिचा पहिला टप्पा असतो. तेथे नियमाने अनुज्ञेय असलेला सूट न घालणाऱ्यास अधिक गुण मिळत नाहीत. तो केवळ गारठून सायकलीकडे येतो.

मात्र काकांचा आक्षेप यामुळे निकालात निघत नाही. ज्याला सुटाविना शर्यतीचे अंतर पोहता येत नाही, त्याने सुटाच्या भरवशावर खोल पाण्यात उतरू नये, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा आजही ग्राह्य आहे. सूट फाटू शकतो, ऐनवेळी पाणी तापल्याने तो वर्ज्यही ठरू शकतो, कारण तापमानाचा निर्णय शर्यतीच्या तोंडावर होतो. तेव्हा हाती उरते ते विहिरीत कमावलेले पोहणेच.

निष्कर्ष

१) पोशाखाविषयीचा वाद वेटसूटपेक्षा जुना असून १८७५ पासून 'ऊब' आणि 'तरंगणे' यांतील भेदावर तो आधारलेला आहे. निओप्रीनने हा भेद पुसल्यामुळे तापमानाची रेषा आखावी लागली.

२) श्रेय हे पोशाखावर नव्हे, तर ज्या परंपरेत आपण पोहतो तिचा नियम पाळण्यावर आणि केलेल्या कृतीला तिच्या खऱ्या नावाने संबोधण्यावर अवलंबून असते.

३) थंड पाण्याच्या ट्रायथलॉनमध्ये नियम परवानगी देत असल्यास नवोदिताने सूट घालावा. कोकण-गोव्याच्या उबदार पाण्यात त्याचा विचारही करू नये.

४) सूट घालण्यापूर्वी त्याविना संपूर्ण अंतर पोहण्याची क्षमता प्राप्त करावी. सुटाचा सराव हिवाळ्यातील पहाटेच्या गार पाण्यात, थोडा वेळ आणि सोबतीनेच करावा.

५) जिल्हा पातळीवरील क्रीडासंस्था व महाविद्यालयांनी काही सूट सामायिक वापरासाठी ठेवल्यास ग्रामीण स्पर्धकांची अडचण काही अंशी दूर होईल.

विद्यार्थ्याला हे सारे सविस्तर सांगितले. दिवाळीनंतर तो गावी आला, तेव्हा काकांच्या देखरेखीखाली मळ्यातील विहिरीत सुटाविना तासभर न थांबता पोहला आणि मगच त्याने एका मित्राकडून सूट उसना घेतला. पुढे त्या सरोवरातील शर्यत त्याने सूट घालून पूर्ण केली. काकांना कळविताना त्याने तसे स्पष्ट सांगितलेही. काकांनी थोडा विचार करून एवढेच विचारले, "अन् डबा सोडून येतं ना?" तो म्हणाला, "येतं." त्यावर काकांचा आक्षेप उरला नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते इतिहासाचाही उरण्याचे कारण नाही.